ध्रुवीकरण हवंय, पण समुद्रावरच्या प्रकाशाचं

दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. शाळेत सर सी. व्ही. रामन यांचा फोटो, फोटोला हार, एक भाषण, आणि भाषणात ठरलेली गोष्ट. रामन बोटीने प्रवास करत होते, भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून त्यांना प्रश्न पडला, आणि त्यातून पुढे नोबेल मिळालं. गोष्ट खोटी नाही. पण तिच्यातून एक वस्तू दरवर्षी गाळली जाते, आणि मला आज त्या वस्तूबद्दलच लिहायचंय.

ती वस्तू म्हणजे रामन यांच्याजवळचा निकोल लोलक. कॅल्साइटच्या स्फटिकापासून केलेला, हातात मावणारा एक तुकडा.

साल १९२१. तेव्हा लॉर्ड रॅले हे भौतिकशास्त्रातलं फार मोठं नाव. त्यांचं म्हणणं होतं की खोल समुद्राचा निळेपणा पाण्याचा नाहीच, ते आकाशाचं प्रतिबिंब आहे. रामन यांनी काय केलं? इंग्लंडहून परत येताना बोटीच्या कठड्याशी उभं राहून त्यांनी तो लोलक डोळ्याला लावला आणि पाण्याकडे एका ठरावीक कोनातून पाहिलं. त्या कोनातून लोलक नीट फिरवला की पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश कापला जातो. म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब वजा. रॅले बरोबर असते तर समुद्र फिका पडायला हवा होता. झालं उलटंच, निळा रंग आणखी गडद झाला. रंग पाण्याचा स्वतःचा होता, पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा.

या निरीक्षणाचं पत्र त्यांनी 'नेचर'ला पाठवलं. त्या पत्राखालचा पत्ता आणि तारीख बघा: एस. एस. नारकुंडा, बॉम्बे हार्बर, २६ सप्टेंबर. म्हणजे आपल्याच मुंबई बंदरातून.

आता मुद्द्यावर येतो. त्या पत्राला १०० वर्षं उलटून गेली. आज समुद्राचा रंग आपण अवकाशातून मोजतो, त्यावरून कोळी बांधवांना मासे कुठे मिळतील याचा अंदाज देतो. पण रामन यांनी बोटीवर जे केलं, म्हणजे वरची चकाकी आणि खालचं पाणी वेगळं काढण्यासाठी ध्रुवण वापरलं, ते आपला समुद्राचा रंग मोजणारा उपग्रह करत नाही. माझं म्हणणं आहे की ते करायला हवं, आणि ही मागणी फक्त शास्त्रज्ञांनी नाही, किनाऱ्यावरच्या लोकांनी करायला हवी. का, ते सविस्तर सांगतो. थोडं विज्ञान येईल, पण शेवटी गोष्ट डिझेलच्या पैशांवर येते, तेव्हा वाचा.

पहिला प्रश्न, ध्रुवण म्हणजे काय?

'ध्रुवीकरण' म्हटलं की आपल्याला निवडणूक आठवते. पण हा शब्द प्रकाशालाही लागू पडतो, मराठी विज्ञानात त्याला ध्रुवण म्हणतात. प्रकाश ही लाट आहे. सूर्याकडून थेट येणाऱ्या प्रकाशात ही लाट सगळ्या दिशांना कंप पावत असते, वर-खाली, आडवी, तिरकी. पण तोच प्रकाश पाण्यावरून किंवा ओल्या रस्त्यावरून तिरका परावर्तित झाला, की त्यात आडवे कंप जास्त उरतात. हवेच्या रेणूंवर आपटून विखुरला, की त्यातही एक दिशा वरचढ होते. यालाच प्रकाशाचं ध्रुवण झालं असं म्हणायचं.

खिडकीच्या उभ्या गजांमधून दोरी ओवून हलवून बघा. वर-खाली हलवली तर लाट पलीकडे जाते, आडवी हलवली तर गजांना अडते. पोलरॉइड गॉगल नेमके असे गज लावतो. म्हणून तो घातला की रस्त्यावरची, पाण्यावरची चकाकी जाते. तलावाकाठी गळ टाकून बसणारे लोक तो उगाच घालत नाहीत, त्यातून पाण्याखालचा मासा दिसतो. घरी करून बघायचं असेल तर साध्या कॅल्क्युलेटरच्या काचेसमोर पोलरॉइड गॉगल धरून फिरवा. एका कोनात काच काळीठिक्कर पडेल.

माणसाच्या डोळ्याला हे ध्रुवण जवळजवळ कळतच नाही. मधमाशीला कळतं, ती त्यावरून दिशा धरते. आपल्या बाजारात येणाऱ्या म्हाकुळालाही कळतं. म्हणजे समुद्राकडे बघताना ज्या माहितीला आपण आंधळे आहोत, ती म्हाकूळ रोज वापरतं.

आणि ही माहिती फालतू नाही. प्रकाशाचा रंग सांगतो की वाटेत काय शोषलं गेलं. प्रकाशाचं ध्रुवण सांगतं की तो कशावर आपटून आला: कण बारीक होता की जाड, गोल होता की खडबडीत, धुराचा होता की मातीचा.

आता उपग्रहाकडे वळू.

भारताने समुद्राचा रंग मोजणारा उपग्रह, ओशनसॅट-१, २६ मे १९९९ ला सोडला. मग सप्टेंबर २००९ मध्ये ओशनसॅट-२, आणि २६ नोव्हेंबर २०२२ ला ओशनसॅट-३. या तिसऱ्यावरचा कॅमेरा १३ रंगपट्ट्यांत समुद्र बघतो, साधारण ३६० मीटरच्या तुकड्यापर्यंत. अभिमान वाटावा असंच काम आहे, यात वाद नाही.

रंगावरून पाण्यातलं हरितद्रव्य काढतात. हरितद्रव्य म्हणजे वनस्पती प्लवक, म्हणजे माशांच्या साखळीतलं पहिलं अन्न. त्याला पाण्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाची जोड दिली की अंदाज बांधता येतो: इथे अन्न आहे, थंड-गरम पाणी मिळतंय, इथे मासा असायची शक्यता जास्त. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था याच तत्त्वावर 'संभाव्य मासेमारी क्षेत्र' अशा सूचना देते. कुठल्या बंदरापासून कुठल्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीवर, सगळं त्यात असतं, आणि मराठीतही असतं.

पण उपग्रहाला खरं काय दिसतं, ते समजून घ्या. समजा समुद्रावरून उपग्रहाच्या कॅमेऱ्यात १०० रुपयांचा प्रकाश आला. त्यातले साधारण ९० रुपये हवेचे असतात. हवेचे रेणू, धूळ, धूर, वाफ, पृष्ठभागाची चकाकी. पाण्याच्या आतून वर आलेला प्रकाश फार तर १० रुपयांचा. आपल्याला हवे आहेत ते हे १० रुपये. ते कसे काढायचे? हवेचे ९० अंदाजाने मोजून वजा करायचे. आता या अंदाजात फक्त १ रुपयाची चूक झाली, तर १० चे ९ किंवा ११ होतात. म्हणजे पाण्याच्या हिशेबात १० टक्क्यांची चूक. ५ रुपयांची चूक झाली तर निम्मा हिशेब बुडाला. समुद्राचं सगळं दूरसंवेदन या वजाबाकीवर उभं आहे.

ही वजाबाकी करायची नेहमीची पद्धत हुशार आहे. जवळच्या अवरक्त प्रकाशात स्वच्छ, खोल समुद्र जवळपास काळा असतो, पाणी तो प्रकाश पिऊन टाकतं. मग त्या पट्ट्यात जे काही दिसतं ते हवेचंच, असं धरायचं, आणि त्यावरून इतर रंगांतला हवेचा वाटा काढायचा. भर समुद्रात हे छान चालतं.

आपल्या किनाऱ्याशी मात्र अडतं, आणि दोन कारणांनी अडतं.

पहिलं कारण चिखल. ठाण्याची खाडी, सावित्री, वाशिष्ठी, कुंडलिका, या सगळ्यांच्या मुखाशी पाणी गढूळ. गाळाचे कण अवरक्त प्रकाशही परत फेकतात. म्हणजे 'पाणी काळं आहे' हे गृहीतकच कोसळतं. हिशेब चिखलाला हवेतली धूळ समजतो, जास्त वजा करतो, आणि कधी कधी निळ्या पट्ट्यात असं उत्तर येतं की पाण्यातून शून्याहूनही कमी प्रकाश येतोय! गणिताने दिलेलं उत्तर, पण निसर्गात अशक्य. गढूळ पाण्यासाठी सुधारित पद्धती आहेत, शास्त्रज्ञ त्या वापरतातही, पण मूळ अडचण पूर्ण सुटलेली नाही.

दुसरं कारण धूळ आणि धूर. अरबी समुद्रावर अरबस्तानातून, मकरान किनाऱ्यावरून, थरच्या वाळवंटातून धूळ येते. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत एका सकाळी गाड्यांवर पांढरट थर बसला होता, आठवतंय? ती पाकिस्तानकडून समुद्रावरून आलेली धूळ होती. हिवाळ्यात उलट दिशेने आपल्या जमिनीवरचा धूर समुद्रावर जातो. १९९९ मध्ये इंडोएक्स नावाची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली, तिने उत्तर हिंदी महासागरावर पसरलेलं हे तपकिरी धुरकं नीट मोजून दाखवलं. आता गंमत अशी की धूळ आणि काजळी निळा प्रकाश शोषतात, आणि हरितद्रव्यही निळा प्रकाशच शोषतं. म्हणजे वरून बघताना धुळकट हवेखालचं साधं पाणी हरितद्रव्याने भरलेलं वाटू शकतं. हवेतली धूळ आणि पाण्यातलं अन्न, दोघांची सही एकसारखी.

माझ्या ओळखीचे एक तांडेल आहेत, सत्तरीच्या आसपासचे. त्यांच्याशी या विषयावर बोलत होतो. सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनी एकच विचारलं, "हिरवं दिसतं ते गाळाचं का शेवाळाचं, ते वरून कसं कळायचं रे? आम्ही तरी ओंजळीत घेऊन बघतो." मी सांगतो, या विषयावरच्या जाडजूड शोधनिबंधांचा गाभा हाच प्रश्न आहे. तांडेलांनी तो एका वाक्यात विचारला.

ध्रुवण इथे कामाला येतं, दोन पातळ्यांवर.

एक, हवा ओळखायला. रंगाने धूर आणि धूळ सारखी दिसली तरी ध्रुवणाने ती सारखी दिसत नाहीत. धुराचे बारीक गोलसर कण प्रकाशाला एका तऱ्हेने वळण लावतात, वाळूचे खडबडीत कण दुसऱ्या. त्यातही एकाच जागेकडे उपग्रहाने पुढे जाता जाता अनेक कोनांतून पाहिलं, तर कोनागणिक ध्रुवण कसं बदलतं यावरून कणांचा आकार आणि जात बरीच नेमकी काढता येते. म्हणजे ते ९० रुपये अंदाजाने न कापता मोजून कापायचे.

दोन, पाणी ओळखायला. गाळाचा कण म्हणजे कठीण खनिज. प्लवक म्हणजे जवळपास पाण्यानेच भरलेली पिशवी. दोघांवरून विखुरलेल्या प्रकाशाच्या ध्रुवणात फरक असतो. हा फरक बारीक आहे, हवेच्या ध्रुवणाखाली दबलेला आहे, आणि अवकाशातून तो अचूक वेचणं हे अजून संशोधनाचं काम आहे. तयार उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. पण तांडेलांच्या प्रश्नाकडे जाणारी वाट तीच आहे.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगतो, कारण कुणीतरी विचारेल की आहे त्या कॅमेऱ्यातच हे का जमत नाही. रंग मोजणाऱ्या कॅमेऱ्याला ध्रुवणाचा त्रास होतो, मोजमाप त्याने बिघडतं. म्हणून त्याच्यावर ध्रुवणाचा परिणाम होऊ नये अशीच त्याची रचना करतात, काहींत तर प्रकाशाचं ध्रुवण मुद्दाम विस्कटून टाकायची सोय असते. त्यामुळे ध्रुवण मोजायचं असेल तर वेगळं यंत्र शेजारी बसवावं लागतं. ते कुणीतरी ठरवावं लागतं, आणि त्याला पैसे द्यावे लागतात.

जगाने हे केलंय, आणि सहज नाही केलं.

फ्रान्सने पोल्डर नावाचं ध्रुवण मोजणारं यंत्र १९९६ मध्ये जपानच्या उपग्रहावर बसवलं. तो उपग्रह वर्षाच्या आतच बंद पडला. २००२ च्या अखेरीला दुसऱ्या जपानी उपग्रहावर पुन्हा बसवलं, तोही काही महिन्यांत गेला. फ्रेंच थांबले नाहीत. २००४ मध्ये त्यांनी स्वतःचा पॅरासोल सोडला आणि तो २०१३ पर्यंत चालला. अमेरिकेने २०११ मध्ये ग्लोरी नावाचा उपग्रह सोडला, हवेतले कण ध्रुवणाने मोजायला. रॉकेटच्या नाकावरचं आवरण उघडलंच नाही आणि तो थेट प्रशांत महासागरात गेला. पुढे २०१९ मध्ये नासाने जाहीर केलं की रॉकेटच्या अॅल्युमिनियमच्या भागांच्या चाचण्यांचे दाखले पुरवठादाराने खोटे दिले होते. भ्रष्टाचार फक्त आपल्याकडेच असतो असं वाटणाऱ्यांसाठी ही माहिती.

मग ८ फेब्रुवारी २०२४ ला नासाचा पेस उपग्रह गेला. त्यावर रंग मोजणारा मोठा कॅमेरा आहेच, शिवाय ध्रुवण मोजणारी दोन छोटी यंत्रं आहेत. एक हार्प-२, ते एकाच ठिकाणाकडे एका रंगात ६० कोनांतून बघतं. दुसरं स्पेक्सवन, ते पाच कोनांतून पण फार बारकाईने बघतं. हा उपग्रह सहज झाला असंही नाही. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत सलग चार अर्थसंकल्पांत पेस रद्द करायचा प्रस्ताव होता. चारही वेळा तिथल्या संसदेने पैसे दिले. म्हणजे लोकप्रतिनिधींनी लावून धरलं म्हणून ते यंत्र आज वर आहे. हे लक्षात ठेवा, मी शेवटी याच्यावर येणार आहे.

आणखी एक बघा. हार्प-२ कुणी बनवलं? अमेरिकेतल्या मेरिलंडच्या एका विद्यापीठाने. त्याच्या आधीचं रूप तर पावाच्या लादीएवढ्या छोट्या उपग्रहात मावलं होतं. आणि स्पेक्सवन कुणाचं? नेदरलँड्सचं. मुंबई महानगर प्रदेशाहून कमी लोकसंख्येचा देश! तेव्हा हे महासत्तेलाच परवडणारं काम आहे, असं कुणी सांगू नये.

मग आपल्याला जमणार नाही का? इथेच मला खरी खंत वाटते, कारण आपल्याला जमतं. ध्रुवण मोजण्यात आपण मुळीच नवखे नाही.

१ जानेवारी २०२४ ला इस्रोने एक्सपोसॅट सोडला. त्याचं मुख्य यंत्र, पोलिक्स, दूरच्या ताऱ्यांच्या आणि कृष्णविवरांच्या क्ष-किरणांचं ध्रुवण मोजतं. ते बनवलं बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटने, म्हणजे स्वतः रामन यांनी उभारलेल्या संस्थेने. २०२३ च्या चांद्रयान-३ मधल्या प्रणोदन भागावर शेप नावाचं यंत्र होतं, ते दुरून पृथ्वीच्या प्रकाशाचं ध्रुवण बघायला होतं, दूरच्या ग्रहांवर जीवसृष्टी शोधताना काय बघावं हे कळावं म्हणून. रडारमध्ये तर आपण रेडिओ लहरींचं ध्रुवण केव्हापासून वापरतोय, २०१२ चा रिसॅट-१ त्यासाठीच ओळखला गेला, आणि जुलै २०२५ मध्ये गेलेला निसारही ते करतो. इतकंच काय, आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' हा छोटा उपग्रह वातावरणातले इलेक्ट्रॉन मोजायला रेडिओ लहरींच्या ध्रुवणाचाच उपयोग करणार होता. तो गेला २६ सप्टेंबर २०१६ ला. रामन यांच्या मुंबई बंदरातल्या पत्राचीच तारीख. योगायोग आहे, पण सुचवून जातो.

म्हणजे बघा, कृष्णविवराच्या प्रकाशाचं ध्रुवण आपण मोजतो. ज्या समुद्रावर रामन यांनी लोलक धरला, त्या समुद्राच्या रंगाचा हिशेब करताना मात्र नाही. कौशल्य आहे, रॉकेट आहे, संस्था आहेत. अग्रक्रमाचा प्रश्न आहे.

आता आक्षेप. तीन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात आणि तिन्हींत थोडं तथ्य आहे.

पहिला, "पेसची माहिती फुकट मिळते, मग स्वतःचं यंत्र कशाला?" खरंय, फुकट मिळते, आणि ती आज वापरायलाच हवी. आपल्या किती महाविद्यालयांत ती उघडून बघितली जाते, हा वेगळा प्रश्न. पण मघाशी सांगितलं तसं, परदेशी उपग्रहाचं भवितव्य तिथल्या अर्थसंकल्पावर असतं. चार वेळा तो रद्द होता होता राहिला. आपल्या मच्छिमारांची रोजची सेवा दुसऱ्या देशाच्या मतदानावर टांगून ठेवायची का?

दुसरा, "ही यंत्रं जाड बघतात." बरोबर. हार्प-२ ची माहिती साधारण ५ किलोमीटरच्या चौकटींत येते. त्यात दाभोळची खाडी दिसणार नाही. पण खाडी बघायला ते नाहीच. ते आहे वरची हवा ओळखायला. हवा ५ किलोमीटरमध्ये फारशी बदलत नाही. हवेचा नेमका हिशेब ध्रुवणमापकाने द्यायचा आणि बारीक चित्र ३६० मीटरच्या आपल्या कॅमेऱ्याने काढायचं, अशी ती जोडी आहे. एकाच उपग्रहावर दोन्ही असतील तर दोघांनाही तीच हवा, त्याच क्षणी दिसते. म्हणून उसनं नको, शेजारी हवं.

तिसरा, "ढग आले की सगळंच बंद." हो, बंद. पावसाळ्यात यातलं काहीच चालत नाही. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच असते. खरा हंगाम ऑगस्टनंतर मे महिन्यापर्यंतचा, आणि धूळ-धुरक्याचे महिने नेमके त्यात येतात.

तेव्हा मागणी काय? मी तीनच गोष्टी मागतो.

एक. पुढच्या समुद्र-उपग्रहावर रंगाच्या कॅमेऱ्याशेजारी अनेक कोनांतून ध्रुवण मोजणारं यंत्र बसवा. ते इस्रोने एकट्याने करायची गरज नाही. विद्यापीठांना द्या. मेरिलंडचं विद्यापीठ करू शकतं तर आपली का नाही?

दोन. खालून मोजा. उपग्रह कितीही हुशार असला तरी त्याचं उत्तर पाण्यात उतरून तपासावं लागतं. गोव्याच्या दोना पावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. मुंबई विद्यापीठ आहे. यांना जोडून कोकण किनाऱ्यावर कायमची मोजणी ठिकाणं हवीत, जिथे उपग्रह डोक्यावरून जाताना त्याच वेळी पाण्याचा रंग, गाळ आणि हवेतली धूळ मोजली जाईल. आणि यात मच्छिमारांना घ्या. पाण्याचा निवळपणा मोजायची सर्वात साधी रीत १८६५ पासून चालत आली आहे: पांढरी तबकडी दोरीला बांधून सोडायची, ती दिसेनाशी झाली की दोरीची लांबी वाचायची. मिरकरवाड्यावरून, हर्णैवरून, देवगडहून रोज किती बोटी जातात! त्यातल्या काही बोटींना तबकडी आणि रास्त मानधन दिलं तर जी माहिती जमेल ती कुठल्याही संशोधन जहाजाला महिनोन्‌महिने फिरूनही जमणार नाही. तांडेलाची ओंजळ हीसुद्धा मोजमापाची जागा आहे, तिला हिशेबात घ्या.

तीन, आणि ही सर्वात स्वस्त. मच्छिमारांना जी सूचना जाते तिच्यासोबत भरवसा किती हेही जाऊ द्या. "आज समुद्रावर धूळ जास्त आहे, अंदाज कच्चा समजा," एवढं एक वाक्य. आज अशी धूळ कुठे आहे ते पेसच्या माहितीतून कळू शकतं. हवामान खातं पावसाचा अंदाज देताना 'शक्यता' सांगतं, लोक तसा विचार करून ठरवतात. बोटवाल्यालाही तो हक्क आहे. कारण अंदाज चुकला तर शास्त्रज्ञाच्या आलेखावर एक ठिपका इकडचा तिकडे होतो. बोटवाल्याचं मात्र डिझेल, बर्फ, खलाशांचा रोज, आणि एक अख्खी फेरी जाते. डिझेल परताव्याचे पैसे वेळेवर मिळावेत म्हणून आपण दरवर्षी भांडतो, भांडायलाच हवं. पण डिझेल मुळात वाया जाऊ नये यासाठीही भांडायला हवं की नको?

काही मित्र म्हणतात, "अरे, समुद्रात मासाच कमी झालाय, एलईडीने आणि पर्ससीनने सगळं खरवडून काढलंय, तिथे तुझं ध्रुवण काय करणार?" मला हे पटतं. उपग्रह मासे निर्माण करत नाही, आणि चांगली माहिती फक्त मोठ्या ट्रॉलरच्या हाती गेली तर ती नुकसानच करेल. म्हणूनच ही माहिती उघडी, मराठीत आणि छोट्या बोटीपर्यंत जायला हवी. आणि पाण्यात प्लवक किती आहे, गाळ किती आहे, खाडीतून काय वाहून येतंय, हे वर्षानुवर्षं नीट मोजलेलं असेल तरच उद्या कुठल्या प्रकल्पाने पाणी बिघडवलं हे कागदावर सिद्ध करता येईल. आज अशी सुनावणी झाली की आपल्याकडे असतात आठवणी, आणि समोरच्याकडे असतो अहवाल.

किनाऱ्यावरच्या सगळ्या जिल्ह्यांचे खासदार संसदेत जातात. अवकाश खात्याच्या मागण्यांवर तिथे चर्चा होते. तिकडे चार वेळा रद्द होऊ घातलेलं यंत्र लोकप्रतिनिधींनी वाचवलं, इकडे निदान एक प्रश्न तरी विचारला जाऊ दे: पुढच्या समुद्र-उपग्रहावर ध्रुवणमापक आहे का, नसेल तर का नाही, आणि कोकण किनाऱ्यावर पाणी मोजायची कायमची ठिकाणं किती? मच्छिमार सोसायटीच्या पुढच्या सभेत हे तीन प्रश्न ठराव म्हणून मांडा आणि आपल्या खासदाराला पाठवा. मसुदा हवा असेल तर मी लिहून देतो, इथेच सांगा.